‘आई, अपलोड थांबव!’ : आठ महिने वापरलेल्या राउटरबद्दल

आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक वाक्य हमखास ऐकू यायचं, “आई, अपलोड थांबव!” ते आतल्या खोलीतून. पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून नवरा, “हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का?” मी ऑडिओ एडिटिंग करते. दिवसभर कापलेल्या-जोडलेल्या फायली संध्याकाळी स्टुडिओच्या सर्व्हरवर चढवाव्या लागतात, रोजच्या साधारण ३ जीबी. आमची लाइन खाली येताना १०० एमबीपीएस, वर जाताना २०. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट, म्हणजे ३ जीबीला २० मिनिटं. आणि ती २० मिनिटं घरातल्या बाकी सगळ्यांचं नेट मेल्यात जमा.

एवढ्या एका कारणासाठी मी नवा राउटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल दोन-चार वाकडे शब्द येणार आहेत, आणि तसेही या वर्गातले डबे एकमेकांची भावंडंच असतात.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘एएक्स १८००’ छापलंय. हा आकडा कुठून आला ते आधी सांगते, म्हणजे विषय संपला. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१, बेरीज १७७५, ती वर सरकवून १८००. तुमचा फोन एका वेळी एकाच रेडिओला जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि १२०१ सुद्धा कागदावरचे. शिवाय बाहेरून येणारी लाइनच १०० ची असेल तर टाकीला अर्ध्या इंचाचा पाइप लावून बादलीच्या आकाराचं कौतुक करण्यासारखं आहे ते. मी हा डबा घेतला तो मागच्या बाजूला, बारीक टाइपात, यादीच्या शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलेल्या एका गोष्टीसाठी. तिच्याकडे येतेच.

जोडणीतच पहिले दोन दिवस गेले. फायबर ज्या डब्यात येते तो लाइनवाल्यांचा पांढरा डबा स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागे आपला राउटर लावला की नेट चालतं, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. पण मग पत्त्यांची अदलाबदल, म्हणजे नॅट, दोनदा होते. एकदा आपल्या राउटरमध्ये, एकदा त्या पांढऱ्या डब्यात. ब्राउझरला त्याचं काही वाटत नाही. मुलाच्या गेमला मात्र वाटतं. त्याच्या स्क्रीनवर ‘नॅट टाइप : स्ट्रिक्ट’ आलं आणि त्यानं मला असं बघितलं की जणू मी त्याचं शिक्षण थांबवलंय.

यावर उपाय म्हणजे पांढरा डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करून गप्प बसतो आणि लॉगिन आपला राउटर करतो. हे करून देण्यासाठी मी हेल्पलाइनला चार फोन केले. तिघांनी रीस्टार्ट करायला सांगितलं. चौथ्या मुलीला प्रश्न कळला, तिनं पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (लाइनमधल्या वेगळ्या कप्प्याचा) क्रमांक दिला आणि सहा मिनिटांत काम झालं. राउटरनं इथे चांगली साथ दिली. व्हीलॅन क्रमांक भरायची जागा इंटरनेट पानावरच आहे, शोधावी लागत नाही. आमच्या जुन्या राउटरमध्ये ती सोयच नव्हती.

इथे मी एक आगाऊपणा केला. एमटीयू, म्हणजे नेटवर माल ज्या छोट्या पाकिटांतून जातो त्या पाकिटाचा कमाल आकार, त्या चौकटीत १४९२ होतं. इथरनेटचा आकार तर १५००, मग हे ८ बाइट कमी कशाला, म्हणून मी १५०० केलं. त्यानंतर दोन दिवस विचित्र गेले. काही साइट झटकन उघडायच्या, काही अर्ध्यावर येऊन थिजायच्या. व्हिडिओ चालायचे, पण ईमेलला फाइल जोडली की गोल फिरत राहायचं. पीपीपीओई प्रत्येक पाकिटात स्वतःचं ८ बाइटचं लेबल चिकटवतं, म्हणून आतला माल १४९२ लाच थांबवायचा असतो. राउटर बरोबर होता, मी चूक होते. आकडा परत केला आणि सगळं सुरळीत.

आता मूळ दुखणं. मी अपलोड सुरू केलं की इतरांचं नेट का मरायचं? वेग कमी म्हणून, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पण नवऱ्याच्या व्हिडिओ कॉलला वर जाताना फार तर २-३ एमबीपीएस लागतात, आणि मुलाच्या गेमला तर त्याहूनही पुष्कळ कमी. मग मी एका संध्याकाळी लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग चालू ठेवलं, म्हणजे एक छोटं पाकीट पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सगळं शांत असताना १४ मिलिसेकंद. अपलोड सुरू केलं. ९०. ३४०. ६१०. मग ८०० च्या आसपास जाऊन तिथेच थांबलं. अपलोड थांबवलं, दोन-तीन सेकंदांत परत १४. पाकिटं हरवत नव्हती, ती उभी होती. ८०० मिलिसेकंद म्हणजे २० एमबीपीएसच्या हिशोबानं २ मेगाबाइटची रांग. नवऱ्याचा प्रत्येक शब्द माझ्या फायलीच्या २ मेगाबाइटच्या मागे जाऊन उभा राहत होता.

याला बफरब्लोट म्हणतात. खिडकी एकच, रांग एकच, आणि पुढे एक बाई पन्नास पार्सलं घेऊन उभी. मागच्या माणसाच्या हातात एक पोस्टकार्ड. त्याचं काम दोन सेकंदांचं, पण थांबायचं पन्नास पार्सलं होईपर्यंत. ती बाई मी.

राउटरमध्ये कुणाच्या मालाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं क्यूओएस नावाचं पान असतं हे मला माहीत होतं. या राउटरच्या ॲपमध्येही ते आहे आणि दिसायला अगदी गोड आहे. प्रत्येक उपकरणाचं चित्र, त्यापुढे ‘उच्च’, ‘मध्यम’, ‘कमी’. मी नवऱ्याच्या लॅपटॉपला ‘उच्च’ दिलं, माझ्या कॉम्प्युटरला ‘कमी’ दिलं आणि अपलोड सुरू केलं. ७९०. काडीचाही फरक नाही. कारण रांग राउटरमध्ये नव्हतीच. राउटरचं पांढऱ्या डब्याकडे जाणारं तोंड गिगाबिटचं. तो आलेला माल भराभर पुढे ढकलून मोकळा होतो, आणि तुंबतं ते पांढऱ्या डब्यात, जिथून २० ची अरुंद वाट सुरू होते. तिथे कोण ‘उच्च’ आणि कोण ‘कमी’ हे कुणी विचारत नाही.

खोक्यामागची ती शेवटून तिसरी ओळ म्हणजे एसक्यूएम, स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, रांगेची शहाणी व्यवस्था. ही सोय ॲपमध्ये नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब, त्यात ‘ट्रॅफिक’, त्यात सगळ्यात खाली. तिथे दोन रकाने. डाउनलोड किती, अपलोड किती. यात लाइनचा पूर्ण वेग लिहायचा नाही, थोडा कमी लिहायचा. साधारण ८५ ते ९५ टक्के. मी अपलोडला १८ लिहिलं, डाउनलोडला ९२. आता राउटर स्वतःच १८ च्या वर माल सोडत नाही, त्यामुळे पांढऱ्या डब्यात काही साठत नाही, आणि रांग जिथे लागते तिथे ती लावायची अक्कल असलेला माणूस बसलेला असतो. तो प्रत्येकाची वेगळी रांग करतो, पाळीपाळीनं सोडतो, आणि एखाद-दुसरं पाकीट घेऊन आलेल्याला पुढे घेतो. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. पाकीट रांगेत किती वेळ थांबलंय ते ती बघते, किती पाकिटं आहेत ते नाही. माझ्या राउटरमध्ये त्याच घराण्यातली ‘केक’ नावाची पद्धत आहे, ती माणसामाणसांतही समान वाटणी करते.

‘सेव्ह’ दाबलं. अपलोड सुरू केलं. १६. २१. १९. २४. मी पाच मिनिटं नुसती त्या आकड्यांकडे बघत बसले. बाहेरच्या खोलीतून नवरा कुणाला तरी सांगत होता, “हो, आज आवाज छान येतोय.” माझं अपलोड २० ऐवजी २२ मिनिटांत झालं. दोन मिनिटांचा हा तोटा मी आठ महिने रोज आनंदानं सोसतेय.

एक इशारा मात्र द्यायला हवा. एसक्यूएम चालू केलं की प्रत्येक पाकीट राउटरच्या प्रोसेसरच्या हातून जातं, एरवीची शॉर्टकटची वाट बंद होते. माझ्या १०० च्या लाइनला प्रोसेसर ३० टक्क्यांच्या वर जात नाही. ५०० किंवा गिगाबिटची लाइन असेल तर असा स्वस्तातला डबा धापा टाकेल आणि वेग चांगलाच खाली येईल. पण मग तेवढ्या मोठ्या लाइनला, त्यातही वर-खाली सारखाच वेग असेल तर, हे दुखणंही क्वचितच जाणवतं.

हा भाग इतका उत्तम असूनही कंपनीनं तो ॲपमध्ये न ठेवता तळघरात का टाकला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. ॲप उघडलं की आधी खातं काढा म्हणतं. मग घरात ‘कोण ऑनलाइन आहे’ याची रंगीत वर्तुळं. निम्म्याहून जास्त सोयी त्यात नाहीतच. मी ते काढून टाकलं.

खोक्यावर ठळक छापलेल्या तीन गोष्टी, पोर्ट फॉरवर्डिंग, डीडीएनएस आणि व्हीपीएन सर्व्हर, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सोयी, माझ्या घरात शून्य कामाच्या निघाल्या. यात राउटरचा दोष नाही. मला बाहेर असताना घरच्या कॉम्प्युटरवरच्या फायली बघायच्या होत्या. सगळं नीट भरलं, पोर्ट उघडलं, आणि काही होईना. शेवटी स्टेटस पानावर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला. तो १०० नं सुरू होत होता आणि पुढचा आकडा ७२. इथेच पाणी मुरत होतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास यासाठीच बाजूला काढले गेले. लाइनवाली कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवते. जुन्या पद्धतीचे पत्ते आहेतच मुळात ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. तेव्हा मी माझ्या दारावर कितीही मोठी पाटी लावली तरी पाहुणा इमारतीच्या फाटकावरच अडतो, आणि फाटक माझं नाही. ज्यांना व्हीपीएन सर्व्हरसाठी राउटर घ्यायचाय त्यांनी खरेदीच्या आधी जुन्या राउटरच्या स्टेटस पानावर हा एक आकडा बघावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, मात्र चालतं, पण ते सुरुवातीला बंद होतं आणि मी चालू केलं. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खरा पत्ता मिळतो, म्हणून बाहेरून आत येणारं सगळं अडवणारी फायरवॉल चालू आहे ना, हे मी दोनदा तपासलं. होती. याबद्दल कंपनीला गुण.

प्रिंटरची गोष्ट लहान आहे पण तिनं माझा सर्वात जास्त संताप वाचवला. आमचा प्रिंटर दर दहा-पंधरा दिवसांनी ‘ऑफलाइन’ व्हायचा. समोर बसलेला, दिवा लागलेला, कागद भरलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन. झालेलं असायचं एवढंच, की राउटरनं त्याला मुदतीवर दिलेला पत्ता बदलायचा आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत बसायचा. या राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर उपकरणासमोर ‘रिझर्व्ह’ असं एक बटण आहे. दाबलं, प्रिंटरला ५० नंबरचा पत्ता कायमचा दिला. आठ महिन्यांत एकदाही हाक वाया गेली नाही.

पेरेंटल कंट्रोलबद्दल मात्र हसावं की रडावं कळत नाही. रात्री दहानंतर मुलाच्या फोनचं नेट बंद, असं वेळापत्रक लावलं. एक आठवडा शांततेत गेला. मग साडेअकराला त्याच्या खोलीतून हसण्याचा आवाज. राउटर उपकरण ओळखतो ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वायफायच्या ओळखक्रमांकावरून, आणि आताचे फोन तो पत्ता बनावट देतात. ॲण्ड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून ते आपोआपच होतं. चिरंजीवांनी फोनमध्ये नेटवर्क ‘विसरून’, सेटिंग बदलून पुन्हा जोडलं होतं आणि राउटरच्या दृष्टीनं ते कुणी नवखेच गृहस्थ होते. अनोळखी उपकरणांना रात्री बंदी, असा उलटा नियम या राउटरमध्ये लावता येत नाही. ही मोठी उणीव. शेवटी आम्ही दोघं टेबलाशी बसून बोललो आणि वेळ साडेदहा ठरली. ते वेळापत्रक अजून राउटरमध्ये आहे, कुणी पाळत नाही.

वायफायबद्दल थोडंच. आतल्या खोलीपर्यंत दोन भिंती आहेत, तिथे ५ गिगाहर्ट्झची रेंज कशीबशी पोचते, २.४ ची नीट पोचते. दोन्हींना एकच नाव देणारा ‘स्मार्ट कनेक्ट’ मी आधी चालू ठेवला होता. फोन-लॅपटॉपचं ठीक चाललं, पण नवा बल्ब काही केल्या जोडला जाईना. बल्बला फक्त २.४ कळतं, आणि जोडणी करून देणारा फोन ५ वर बसलेला. नावं वेगळी केली, बल्ब लागला. २.४ चं चॅनल ‘ऑटो’ वरून काढून मी ११ वर ठेवलंय, कारण आजूबाजूचे सगळे १ आणि ६ वर गर्दी करून होते. मधले ३ किंवा ८ घ्यायचा शहाणपणा करू नका, ते दोन्हीकडच्या गोंगाटात सापडतात. १, ६, ११ हेच काय ते एकमेकांच्या पायात येत नाहीत.

पाहुण्यांचं नेटवर्क चांगलं आहे, पण त्यात टीव्ही टाकलात तर फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवता येत नाही. पाहुणे घरच्यांना दिसू नयेत हाच तर त्याचा हेतू. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, मी पहिल्याच दिवशी बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो, म्हणून १० कोटींऐवजी ११ हजार प्रयत्नांत तो सुटतो हे २०११ मध्येच उघड झालंय. तरी अजून ते बटण येतंच आहे. यूएसबीच्या खाचेत डिस्क लावून बघितली, तर राउटर फायली वाटायला एसएमबी नावाच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतो. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं जिच्यातल्या भोकातून धुमाकूळ घातला तीच. विंडोजनं ती तेव्हापासून बंद ठेवलीय. मीही ती उघडली नाही. खाच आता टेबलावरचा छोटा पंखा चालवते.

स्टेटस पानाचं कौतुक राहिलंच. प्रत्येक पोर्ट किती वेगानं जोडलंय ते तिथे दिसतं. माझ्या दोन कॉम्प्युटरांमध्ये फाइल सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना, तेव्हा पोर्ट ३ समोर १००० ऐवजी १०० दिसलं. केबल मीच टोक बसवलेली. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार नीट बसली नव्हती. टोक कापून पुन्हा बसवलं, १०००.

आणि आता गाऱ्हाणं. पाचव्या महिन्यात एका सकाळी राउटर स्वतःहून अपडेट झाला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात हे चांगलंच, मी ते बंद करणार नाही. पण त्या संध्याकाळी साडेसहाला पुन्हा, “आई, अपलोड थांबव!” मी तळघरात उतरून बघितलं तर एसक्यूएम बंद, दोन्ही रकाने रिकामे. बाकी सगळ्या सेटिंग जागच्या जागी. लॉगमध्ये कारण बघायला गेले तर तिथे पहिल्या वीस ओळींवर तारीख १ जानेवारी १९७०. राउटरला स्वतःचं घड्याळ चालू ठेवायला बॅटरी नसते. नेट मिळून खरी वेळ कळेपर्यंत तो शून्यापासून मोजतो. कंपनीला ईमेल केलं. त्यांनी उत्तरात फॅक्टरी रीसेट करून बघायला सांगितलं.

सातव्या महिन्यात पुन्हा अपडेट, पुन्हा तेच. आता मी सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवलीय, आणि राउटरच्या पोटाला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलीय, ‘९२ / १८, १४९२, प्रिंटर ५०’. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. अर्धा त्या गोड क्यूओएससाठी कापलाय, एक या अपडेटसाठी.